जकार्तात जाण्याआधी फाइलींची नावं बघा

मागच्या खेपेला टॉमकॅट, म्हणजे जावातली वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर, ९ वरून १०.१ वर नेला आणि त्याबरोबर कोडही जकार्ता या नव्या नावावर नेला, तेव्हा माझ्या मते सगळं झकास झालं होतं. बिल्ड हिरवं, लॉगमध्ये एकही एरर नाही, लॉगिन चालू, रिपोर्ट निघतायत. उलट पानं पूर्वीपेक्षा चटकन उघडत होती, म्हणून सोमवारी टपरीवर मीच सगळ्यांना चहा पाजला. नवव्या दिवशी ग्राहकाकडच्या लेखापरीक्षकांनी विचारलं, कोणत्या युजरने कोणतं खातं कधी उघडून बघितलं याच्या नोंदी कुठे आहेत? नोंदी नव्हत्या. नऊ दिवसांत एक ओळसुद्धा पडली नव्हती. पानं चटकन का उघडत होती ते मला तेव्हा कळलं.

कारण होतं एका फाइलीचं नाव. आतला मजकूर नव्हे, नाव. याबद्दल खाली इतक्या वेळा लिहिणार आहे की तुम्हाला वैताग येईल. येऊ दे. आता दुसरं ॲप्लिकेशन न्यायचंय, टीममध्ये नवी मंडळी आहेत, आणि लेखापरीक्षकांचा तसला फोन मला पुन्हा घ्यायचा नाहीये.

हे सगळं कशासाठी, असं प्रत्येक जण विचारतो, म्हणून थोडक्यात. ओरॅकलने २०१७ साली जावा ईई (मोठ्या ॲप्लिकेशनांसाठीचा जावाचा मानक संच) एक्लिप्स फाउंडेशन या मुक्त-सॉफ्टवेअर संस्थेकडे सोपवायचं ठरवलं, पण जावा या नावावरचा हक्क सोडला नाही. २०१९ च्या मे महिन्यात स्पष्ट झालं की जावाएक्स या पॅकेजनावाखाली (पॅकेज म्हणजे जावा कोडचा गट) एक्लिप्सला काही बदलता येणार नाही. जे आहे तेवढंच, जसं आहे तसं वापरायचं. मग डिसेंबर २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं. त्यातलं मुख्य काम एकच, जावाएक्सच्या जागी जकार्ता. (टॉमकॅट एके काळी अपाचेच्या जकार्ता नावाच्या प्रकल्पातच होता. मांजर फिरून घरी आलं म्हणायचं.) टॉमकॅट ९ जुन्या नावावर चालतो, १० पासून पुढे नवीन. १०.० चा विचारही करू नका, तो २०२२ च्या ऑक्टोबरातच बंद झाला. १०.१ ला किमान जावा ११ लागतं, ११ ला जावा १७.

ब्रँच काढा, बॅकअप घ्या. हे सांगायला लागत असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

पहिलं खरं काम म्हणजे जावाची आवृत्ती, आणि ते जुन्या टॉमकॅटवर असतानाच उरकायचं. टॉमकॅट ९ जावा १७ वर व्यवस्थित चालतो, स्प्रिंग फ्रेमवर्क ५.३ सुद्धा चालतं. पुढे स्प्रिंग ६ वर जायचं असेल तर १७ शिवाय गत्यंतर नाहीच. तेव्हा आधी फक्त जावा बदला, प्रॉडक्शनवर न्या आणि दोन आठवडे तसंच राहू द्या. जावा, टॉमकॅट आणि स्प्रिंग एकाच शनिवारी बदललं, तर रविवारी काहीतरी फुटल्यावर नेमकं कुणाला शिव्या घालायच्या ते कळत नाही.

त्याच दोन आठवड्यांत, जुन्याच टॉमकॅटवर, कालबाह्य मेथड काढून टाका. १०.१ मध्ये सर्व्हलेट (वेबवरून आलेली विनंती हाताळणारा जावा वर्ग) या मानकाची ६.० आवृत्ती आहे, आणि त्यात वर्षानुवर्षं ‘डेप्रिकेटेड’ म्हणून खोडलेल्या दिसणाऱ्या गोष्टी खरोखर काढल्या आहेत. सेशनचं गेटव्हॅल्यू आणि पुटव्हॅल्यू गेलं, सेटस्टेटसला संदेश जोडून पाठवायची सोय गेली, सिंगलथ्रेडमॉडेल गेलं. आमच्याकडे २००६ साली लिहिलेल्या एका सर्व्हलेटमध्ये हे तिन्ही होतं. ते लिहिणारा आता डायरेक्टर आहे, त्यामुळे गुपचूप बदललं.

मग डिपेंडन्सी, म्हणजे आपण वापरतो त्या बाहेरच्या लायब्ररी. इथे वेळ जातो, जाऊ द्या. पूर्ण झाड छापून काढा आणि प्रत्येक जार (जावा लायब्ररीची बांधलेली फाइल) जुन्या नावावर आहे की नव्या, ते समोर लिहा. स्प्रिंग ५ नव्यावर येत नाही, ६ लागतं. स्ट्रट्स ६ जुन्यावर, ७ नव्यावर. हायबरनेट व्हॅलिडेटर ७ पासून पुढे. जर्सी ३ पासून. जॅक्सनचं जॅक्स-आरएस मॉड्यूल वेगळ्या नावाने येतं, लॉगफोरजेचं वेब मॉड्यूलसुद्धा. फक्त आवृत्तीचा आकडा वाढवून भागत नाही, आर्टिफॅक्टचंच नाव बदलावं लागतं. काही जारना तेच नाव आणि तोच आकडा असतो, शेवटी जकार्ता अशी शेपटी लावून मागावं लागतं. ही शेपटी विसरली तर जुना माल निमूट येतो.

आणि जुने एपीआय जार बंदी घालूनच बाहेर काढा, विनंती करून नव्हे. मेव्हन या बिल्ड हत्यारात एन्फोर्सर प्लगइन आहे, त्याला जावाएक्सच्या सर्व्हलेट, व्हॅलिडेशन, पर्सिस्टन्स या जारांची नावं द्या, म्हणजे कुणाच्या मागच्या दाराने आले तरी बिल्ड पडेल. पडलेलं बिल्ड चांगलं. जुना व्हॅलिडेशन जार कुठूनतरी आत आला, की जुन्या नावाचं ॲनोटेशन (कोडवर लावलेली @ ची खूण) असलेला वर्ग आनंदाने कंपाइल होतो आणि नवा व्हॅलिडेटर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी असं वर लिहिलेलं दिसतं, आणि खाली उणे पाचशे सेव्ह होतात. एरर नाही, इशारा नाही. जुन्या ॲनोटेशनच्या सर्व्हलेटचंही तसंच, पण तिथे निदान ४०४ तरी दिसतो.

इम्पोर्ट (कोडच्या वरच्या, पॅकेजनावं सांगणाऱ्या ओळी) बदलणं सगळ्यांना अवघड वाटतं, ते सगळ्यात सोपं आहे. कोड आपोआप बदलणाऱ्या ओपनरीराइटची रेसिपी आहे, इंटेलिजेमध्ये मायग्रेशनचा तयार पर्याय आहे, कशानेही करा. फक्त आंधळेपणाने सगळ्या जावाएक्सचं जकार्ता करू नका. एसक्यूएल, नेमिंग, क्रिप्टो, नेट, मॅनेजमेंट, स्विंग ही जावाएक्स पॅकेजं खुद्द जावाची आहेत, ती आहेत तिथेच राहतात. काही ठिकाणी तर एकाच घरात दोन चुली आहेत: ट्रान्झॅक्शन जातं पण ट्रान्झॅक्शन.एक्सए राहतं, ॲनोटेशन जातं पण ॲनोटेशन.प्रोसेसिंग राहतं, सिक्युरिटी.ऑथ राहतं पण त्याच्या पोटातलं मेसेज जातं, एक्सएमएल.पार्सर्स राहतं, एक्सएमएल.बाइंड जातं. जेकॅशचं जावाएक्स.कॅशही हलत नाही. इथे चुकलात तर कंपायलर लगेच ओरडतो, म्हणून याची मला काळजी नाही.

मला काळजी न ओरडणाऱ्यांची आहे. तर आता फाइलींची नावं.

सोर्सच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये मेटा-इन्फ, त्यात सर्व्हिसेस. तिथे एक फाइल असते, एक्स्टेन्शन नाही, आयकॉन पांढऱ्या कोऱ्या कागदाचा. तिचं नाव हेच तिचं काम: जावाएक्स.सर्व्हलेट.सर्व्हलेटकंटेनरइनिशियलायझर. आत एकच ओळ, आपल्या वर्गाचं पूर्ण नाव. आमच्या त्या वर्गाने सुरुवातीलाच प्रत्येक विनंतीवर नोंद ठेवणारा फिल्टर बसवायचा होता. नवा टॉमकॅट चालू होताना याच फोल्डरमध्ये जकार्ताने सुरू होणाऱ्या नावाची फाइल शोधतो. सापडली तर आतला वर्ग बोलावतो. नाही सापडली, तर कुणाला काही सुरू करायचं नाहीये असं समजून पुढे जातो. त्याच्या दृष्टीने ही चूकच नाही. जावाएक्स नावाची फाइल शेजारी पडलेली असते, तिला तो हातही लावत नाही.

आणि मी का चुकलो ते नीट ऐका. इम्पोर्ट बदलून झाल्यावर मी पूर्ण प्रोजेक्टमध्ये जावाएक्स.सर्व्हलेट हा शब्द शोधला. उत्तर आलं शून्य. पण शोध मजकुरात चालतो. त्या फाइलीच्या मजकुरात जावाएक्स नव्हतंच, आमच्याच वर्गाचं नाव होतं. जावाएक्स होतं ते नावात. मजकूर शोधणारा ग्रेप तिला ओलांडून गेला, मजकूर बदलणारा सेड ओलांडून गेला, मी तर केव्हाच गेलो होतो. वर्ग नव्या नावावर कंपाइल झालेला, चाचण्या पास, कारण चाचण्या त्या वर्गाला थेट बोलावत होत्या. टॉमकॅटमार्फत कुणीच नाही.

म्हणून ग्रेपने नव्हे, फाइलींची नावं शोधणाऱ्या फाइंडने शोधा. गिटकडून सगळ्या फाइलींची यादी घ्या आणि त्या यादीत जावाएक्स बघा. सर्व्हलेटकंटेनरइनिशियलायझर एकटाच नाही. सीडीआय (वर्ग एकमेकांना जोडून देणारं मानक) वापरत असाल तर एक्स्टेन्शनची फाइल त्याच फोल्डरमध्ये असते, पर्सिस्टन्सच्या प्रोव्हायडरची असते, व्हॅलिडेशनची असते. सगळ्यांचं एकच, नावात जावाएक्स.

सोर्स झाला की बनलेला वॉर (सर्व्हरवर चढवायची ॲप्लिकेशनची बांधलेली फाइल) उघडा. वेब-इन्फच्या लिबमधल्या प्रत्येक जारवर अनझिपची यादी चालवा आणि मेटा-इन्फ सर्व्हिसेसखालची नावं वाचा. नावं. घरात कधीतरी बनवलेले, ज्यांचा सोर्स कुठल्या लॅपटॉपवर होता ते कुणाला आठवत नाही, असे जार सगळ्यांकडे असतात. आमचा तो फिल्टर अशाच एका ‘कॉमन’ नावाच्या जारमध्ये होता, सोर्स नशिबाने सापडला होता.

सोर्स नसलेल्या जारांसाठी टॉमकॅटचंच मायग्रेशन हत्यार आहे. एका बाजूने जुना जार द्या, दुसऱ्या बाजूने नवा घ्या. काहीच सांगितलं नाही तर ते टॉमकॅटपुरतीच पॅकेजं बदलतं. सगळी हवी असतील तर ईई प्रोफाइल मागा. सही केलेल्या जारच्या सह्या ते काढून टाकतं, कारण वर्ग बदलल्यावर त्या सह्यांना अर्थ उरत नाही. तुमच्याकडे कुणी सह्या तपासत असेल तर आधी कळवा. वेबॲप्स-जावाईई नावाच्या फोल्डरमध्ये जुना वॉर टाकला की टॉमकॅट तो आपोआप बदलून घेतो, तीही सोय आहे. तात्पुरती म्हणून ठीक. ज्याचा सोर्स आपल्या हातात आहे ते ॲप्लिकेशन तिथे ठेवून निवांत बसणं म्हणजे घरभाडं भरत हॉटेलात राहणं. आणि हो, हत्याराने बदलून दिलं तरी बाहेर आलेल्या जारमधल्या फाइलींची नावं एकदा डोळ्यांनी वाचा. मी सांगतोय म्हणून वाचा.

याच कुळातली दुसरी भानगड म्हणजे अवतरणातले शब्द. एरर पानावर स्टेटस कोड काढताना कुणीतरी जावाएक्स.सर्व्हलेट.एरर वगैरे स्ट्रिंग हाताने लिहिलेली असते. आता ते ॲट्रिब्यूट जकार्ता नावाने येतं आणि हाताला नल लागतो. क्लायंट सर्टिफिकेटचं ॲट्रिब्यूट तसंच, पर्सिस्टन्सच्या एक्सएमएलमधल्या प्रॉपर्टी तशाच. हे मात्र मजकुरात आहे, म्हणजे ग्रेप शोधून देतो. जेएसपी, एक्सएमएल, प्रॉपर्टीज, स्क्रिप्ट, सगळीकडे चालवा. फक्त जावा फाइलींवर नको. वेब.एक्सएमएलचा वरचा नेमस्पेस जुना राहिला तरी टॉमकॅट वाचतो, त्यावर रात्र घालवू नका.

जुनी सर्व्हर.एक्सएमएल उचलून नव्यात टाकू नका. १०.१ मध्ये एपीआर कनेक्टर (नेटिव्ह लायब्ररीवर चालणारा जोड) काढलेला आहे. कोऱ्या फाइलीत आपले बदल एकेक करून घाला. स्वतःचे व्हॉल्व्ह (टॉमकॅटच्या आत बसवलेले, विनंती हाताळणारे वर्ग) असतील तर पुन्हा कंपाइल.

चाचणीत ‘चालतंय का’ असं बघू नका, मोजा. आमचं चालतच होतं की. जुन्या टॉमकॅटवर एक छोटं पान टाका, सर्व्हलेट कॉन्टेक्स्टला विचारून नोंदलेले फिल्टर आणि सर्व्हलेट छापा. तेच पान नव्यावर. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. आमच्याकडे जुन्यावर ७ फिल्टर होते, नव्यावर ६. हे मोजायला पाच मिनिटं लागली असती. शिवाय प्रत्येक मूक गोष्टीसाठी एक मुद्दाम चुकीची कृती करा: उणे रक्कम भरा, नाकारली गेली का, खातं उघडा, नोंद पडली का. आणि नव्यावर एखादं पान उगाच वेगात उघडायला लागलं तर खूश होऊ नका, काय चालायचं थांबलंय ते शोधा.

प्रत्यक्ष रात्री: महिनाअखेर नको, ३१ मार्चच्या आसपास तर अजिबात नको. सेशन टिकवायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांना पुन्हा लॉगिन करू द्या. साठवलेली सेशनची फाइल आणि वर्क फोल्डर रिकामं करा. दोन नोड असतील तर जुना-नवा मिसळून सेशनची देवाणघेवाण चालवू नका. लोड बॅलन्सरवाल्याला आधी सांगा. जुना टॉमकॅट जागचा हलवू नका, फक्त बंद करा, महिनाभर असू दे. परत फिरायचं तर किती वाजेपर्यंत, हे संध्याकाळीच ठरवून ग्रुपवर लिहा. डेटाबेसमध्ये त्याच रात्री काही बदलू नका.

सकाळी दहाला नोंदींच्या टेबलमधल्या ओळी मोजा. अकराला परत मोजा. आकडा वाढला नसेल तर मला फोन करण्याआधी मेटा-इन्फ, सर्व्हिसेस, आणि तिथल्या फाइलीचं नाव.