अंदाज पेनानं लिहायचा: मटकीच्या वाटीतून वैज्ञानिक पद्धत

पाव किलो मटकी, बारा सारख्या वाट्या, जुन्या सुती साडीचे तुकडे आणि बिस्किटांचा एक रिकामा डबा. वैज्ञानिक पद्धत शिकवायला मला एवढंच साहित्य लागतं. साताऱ्याकडच्या एका शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, नोंदी, निष्कर्ष हे टप्पे मुलं एका तासात पाठ करतात आणि परीक्षेत ओळीनं लिहून पैकीच्या पैकी गुण घेतात. पण समोर नुसती वाटी ठेवून ‘आता शोधा’ म्हटलं की कुणाला काही सुचत नाही. म्हणून टप्प्यांची नावं मी शेवटच्या दिवशी फळ्यावर लिहिते. त्याआधी तीन दिवस मटकी.

मटकीच का, तर ती प्रत्येकाच्या घरात असते आणि दोन दिवसांत उत्तर देते. कापसातला वाल उगवेपर्यंत आठवडा जातो, तोवर मुलांचं लक्ष उडालेलं असतं. शिवाय मोड कसे आणायचे याबद्दल प्रत्येक घराचं ठाम मत असतं, आणि मत असलं की प्रश्न विचारायला जागा मिळते.

पहिल्या तासाला मी फक्त विचारते, ‘तुमच्याकडे मोड कसे आणतात?’ मुलं सांगतील ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर उतरवते. पुरचुंडी घट्ट बांधली नाही तर मोड येत नाहीत. अंधारात ठेवायचं, उजेड लागला की बिघडतात. थंडीत शेगडीजवळ ठेवायचं. कोमट पाण्यात भिजवली की लवकर येतात. फळा भरला की प्रत्येक वाक्यापुढे एकच शब्दजोड लिहायची: ‘खरंच का?’ प्रश्न तयार झाले. ते मी दिलेले नाहीत, त्यांच्या स्वयंपाकघरातून आलेत.

यातले सगळे प्रश्न प्रयोगाला चालत नाहीत. ‘बी जिवंत असतं का?’ हा फार सुंदर प्रश्न आहे, पण तो वाटीत मावत नाही. मुलांना मी एक कसोटी देते: बुधवारपर्यंत आपल्या वाट्या याचं उत्तर देऊ शकतील का? देऊ शकत असतील तर तो आजचा प्रश्न. बाकीचे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचे. खोडायचे मात्र नाहीत.

इथे एक सांभाळायला लागतं. मुलं घरी जाऊन ‘आजी, तुझं चूक आहे, बाईंनी दाखवलं’ असं म्हणू लागली, तर आपण काहीच शिकवलेलं नाही. आजीनं हजारदा मटकी भिजवली आहे. तिचं म्हणणं म्हणजे कित्येक वर्षांचं निरीक्षण आहे. मी मुलांना घरचा अभ्यास देते: आजीला विचारून या की फडकंच का, प्लास्टिकची पिशवी का नाही. एका मुलीची आजी म्हणाली होती, ‘ओल राहते आन् वारंबी लागतं.’ सगळ्या वर्गाला तेव्हा मिळालेली ती सगळ्यात चांगली परिकल्पना होती.

आता अंदाज. ‘परिकल्पना’ हा शब्द ऐकला की मुलं पुस्तकातलं वाक्य शोधायला लागतात, म्हणून आधी तो वापरू नका. चिठ्ठीवर तीन ओळी लिहून घ्या: काय होईल असं वाटतं, का वाटतं, आणि माझं चुकलं हे कशावरून कळेल. तिसरी ओळ सगळ्यात अवघड जाते आणि तिच्यासाठीच वेळ काढायचा. ‘उघड्या वाटीतल्या पन्नासपैकी निम्म्याहून जास्त दाण्यांना मोड आले, तर माझं चुकलं’ इतकं स्पष्ट यायला हवं. ‘मोड नीट येणार नाहीत’ असं लिहिलं असेल तर चिठ्ठी परत द्यायची. ‘नीट’ म्हणजे किती, हे ठरलेलं नसेल तर बुधवारी प्रत्येक जण बरोबरच ठरतो.

चिठ्ठी पेनानं लिहायची. घडी करून बिस्किटांच्या डब्यात टाकायची, डब्याला चिकटपट्टी लावायची आणि तो कपाटावर ठेवायचा. पेन्सिल असली की मुलं निकाल बघून अंदाज बदलतात. ती लबाड असतात म्हणून नव्हे. चुकलेल्या उत्तराला आपण वर्षानुवर्षं फुली मारत आलोय म्हणून. चुकलेल्या अंदाजाचा एकही गुण मी कापत नाही आणि हे आधीच सांगते. गुण कारणाला आणि तिसऱ्या ओळीला.

प्रयोगाची मांडणी मुलांनाच करू द्या. माझ्या वर्गात छत्तीस मुलं, सहा जणांचा एक गट, गटाला दोन वाट्या, वाटीत मोजून ५० दाणे. सोमवारी परिपाठ झाला की पाण्यात भिजवायचे, शाळा सुटताना पाणी काढून टाकायचं, मग मंगळवारी सकाळ-संध्याकाळ आणि बुधवारी सकाळी मोजायचं. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात एक दिवस वाढवा.

नियम एकच: दोन वाट्यांत फक्त एका गोष्टीचा फरक. मुलं मान डोलावतात आणि लगेच तो मोडतात. एका वर्षी ‘अंधार लागतो का’ हा प्रश्न घेतलेल्या गटानं एक वाटी कपाटात आणि दुसरी खिडकीत उन्हात ठेवली. मला चूक तेव्हाच दिसली होती. मी बोलले नाही, आणि तुम्हीही बोलू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मंगळवारी कपाटातल्या मटकीला छान मोड आले होते. खिडकीतली सुरकुतून गेली होती. गटानं आनंदानं लिहून टाकलं, ‘उजेडात मोड येत नाहीत.’ मी खिडकीतल्या वाटीतला एक दाणा आणि कपाटातल्या वाटीतला एक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटानं चोळून बघा म्हटलं. एक ओला, फुगलेला, दुसरा खडखडीत. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागे बसणारा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, उजेडानं नाही, वाळल्यानं झालं असंल.’ दुसरा म्हणाला, ‘पण मग उजेडाचं काय ते कळलंच नाही की.’

‘एका वेळी एकच चल (बदलता घटक) बदलावा’ हे वाक्य मी बावीस वर्षांत शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय. ते त्या दोन दाण्यांइतकं कधी कुणाला कळलं नाही. पुढची मांडणी गटानंच शोधली: दोन्ही वाट्या सावलीत एकाच बाकावर, दोन्हींत सारखंच ओलं फडकं, दोन्हींवर पारदर्शक झाकण, आणि एका झाकणावर काळा कागद. या वेळी दोन्हीकडे मोड आले.

मोजायची वेळ आली की भांडणं सुरू होतात आणि ती होऊ द्यावीत. साल नुसती चिरली तर मोड आला म्हणायचं का? पांढरं टोक दिसलं तर? आमच्या वर्गानं ठरवलं: पट्टीवर दोन मिलिमीटर भरलं तरच मोड. तुमच्या वर्गाचं माप वेगळं असेल. मोजण्याआधी ठरलेलं आणि सगळ्या गटांना सारखं असलं म्हणजे झालं.

नोंदींबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण इथे मी स्वतः मोठी चूक केली आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी महाबळेश्वरच्या पठारावर शिकवत होते. पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग चालू होता. पाणी खदखदत होतं, तापमापीतला पारा पुढे सरकत नव्हता, आणि एका मुलानं वहीत लिहिलं ९६. मी लाल पेनानं ते खोडून १०० केलं आणि ‘नीट वाचत जा’ म्हणाले. तो मुकाट्यानं खाली बसला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो हे मी माझ्याच खोलीत रोज बघत होते, तरी दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत. जोडल्या तेव्हा तो मुलगा शाळा सोडून गेला होता. वर्गात एकानंच खरं निरीक्षण लिहिलं होतं आणि मी ते खोडलं, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून मुलाच्या वाचनाला मी लाल पेन लावत नाही. आकडा विचित्र वाटला तर ‘पुन्हा मोजूया’ म्हणते. दुसरा आकडा पहिल्याच्या खाली लिहायचा, पहिला तसाच राहतो. प्रयोगवह्या तपासताना गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेलं उद्देश-साहित्य-कृती-निरीक्षण-अनुमान लगेच ओळखू येतं. त्यात एकही आकडा खोडलेला नसतो.

दोन गटांना मी मुद्दाम एक वेगळं काम देते: दोन्ही वाट्या अगदी एकसारख्या ठेवायच्या, काहीच बदलायचं नाही. मुलांना हे निरर्थक वाटतं. बुधवारी एका वाटीत ४६ दाण्यांना मोड असतात आणि दुसरीत ४२. सगळं सारखं ठेवूनही चारचा फरक! मग पुरचुंडीवाल्या गटाकडे वळायचं. त्यांच्या पुरचुंडीत ४५ आणि झाकलेल्या वाटीत ४२. हा फरक फडक्याचा, की नुसता असाच पडलेला? एका वाटीवरून बोलू नये, सगळ्या गटांचे आकडे एकत्र करावेत, जमलं तर पुन्हा करून बघावं, हे तेव्हा मुलंच सांगतात. ही जोडवाट्यांची युक्ती वगळू नका. वेळ कमी असेल तर बाकी काहीही कापा.

बुधवारी डबा उघडून चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. ज्यांचा अंदाज चुकला त्यांना आधी बोलू द्यायचं: काय वाटलं होतं, काय दिसलं, आता काय वाटतं. निष्कर्ष लिहिताना ‘सिद्ध झाले’ हा शब्द मी लिहू देत नाही. ‘आमच्या वाट्यांत, या तीन दिवसांत, असं दिसलं’ एवढंच. प्रयोगाची मटकी खायची नाही, सगळ्यांचे हात लागलेले असतात. ती शाळेच्या कुंपणाकडेला पेरून टाकतो.

आणि मग फळ्यावर टप्प्यांची नावं. मुलं स्वतः बोट दाखवतात, हे सोमवारी केलं, हे मंगळवारी. बाण सरळ खाली काढू नका. खिडकीवाला गट निष्कर्षापासून पुन्हा मांडणीकडे गेला होता, त्यांचा बाण उलटाच काढायला हवा. इथे मी भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांची गोष्ट सांगते. १९२१ मध्ये बोटीवरून येताना त्यांना भूमध्य समुद्राचा निळा रंग दिसला. समुद्राची ती गडद निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं रेले यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं. रामन यांनी ते बोटीवरच जवळच्या साध्या उपकरणानं तपासलं आणि पटलं नाही म्हणून पुढे शोधत राहिले. रामन परिणाम, म्हणजे पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्या भागाचा रंग बदलतो हा शोध, हाती आला तो २८ फेब्रुवारी १९२८ ला. त्या तारखेला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो आणि शाळाशाळांत भाषणं होतात. माझ्या हातात असतं तर त्या दिवशी भाषणांऐवजी प्रत्येक वर्गात वाट्या मांडल्या असत्या.

आठवीला मी आणखी एक पायरी घेते. २००८ मध्ये पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका, त्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० पत्रिका; हुशार कोण, मतिमंद कोण ते सांगायचं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर, सगळ्यात चांगला निकाल ४० पैकी २४. हे सांगण्याआधी मी वर्गातल्या प्रत्येकाला नाणं ४० वेळा उडवायला लावते आणि छापा किती ते फळ्यावर मांडते. कुणाचे १६, कुणाचे २१, एखाद्याचे २५ सुद्धा येतात. मग तो २४ चा आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. इथे कुणाच्या घरच्या श्रद्धेवर बोट ठेवू नका. प्रश्न कसा मांडला, नावं का झाकली, निकष आधी का ठरवला, याच्यावरच तास घालवा.

यंदा मोजणी संपल्यावर प्रत्येक वाटीच्या तळाशी दोन-तीन दाणे जसेच्या तसे राहिले होते. फुगलेसुद्धा नाहीत. ‘बाई, हे गणंग,’ सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या उसळीत दाताखाली येतात.’ सगळे हसले, ती हसली नाही. तिनं विचारलं, ‘पाणी आत जातच नसेल का? साल जरा घासली तर?’ मी उत्तर दिलं नाही. तिनं वर्गभरातले गणंग गोळा केले, २९ भरले. कागदाच्या पुडीत बांधून ती माझ्या खडूच्या डब्यात ठेवली आहे. सोमवारी सँडपेपर आणायचाय. तिची चिठ्ठी पेनानं लिहून झाली आहे आणि तिसऱ्या ओळीसकट डब्यात पडली आहे.