संत्रावर्गीय संकरांचा जनुकीय नकाशा रोपवाटिकेतच बिघडतो: या चुका टाळा

जनुकीय नकाशा, म्हणजे गुणसूत्रावर कोणतं जनुक कुठं बसतं याचा आराखडा, जुळत नाही म्हणून एमएस्सीची मुलं लॅपटॉप घेऊन येतात. मी म्हणतो, लॅपटॉप राहू दे, आधी रोपं दाखव.

सांगलीच्या मंडईतून एक कागदी लिंबू आणा. बी रात्रभर भिजवा, नखानं साल काढा आणि भिंगाखाली फोडा. एकाच बीत दोन-तीन भ्रूण सापडतील. त्यात संकराचा असलाच तर एखादा. बाकीचे आईच्या पेशींतून वाढलेले, आईची हुबेहूब नक्कल. अशी आई निवडली की निम्म्याहून जास्त रोपं संकर नसू शकतात, मग नकाशा बिचारा काय करणार? क्लेमेंटाइन (एक छोटं संत्रं), पपनस, महाळुंग यांच्या बीत एकच भ्रूण असतो, आई म्हणून ते घ्या. बाप पॉन्सिरस (संत्र्याचा चुलतभाऊ) असेल तर काम सोपं: बेलासारखं तीन दलांचं पान आलं की संकर, नाही आलं की उपटा. बाकी जोड्यांत बापाकडून आलेले दोन-तीन मार्कर (डीएनएवरच्या खुणा) तपासा. पहिल्या खेपेला मी हे टाळलं आणि दीड वर्ष आईच्याच नकलांना पाणी घातलं.

दुसरी चूक पानाची. अल्टरनेरिया या बुरशीच्या तपकिरी ठिपक्यांची चाचणी कोवळ्या पानावरच करा. पान जून झालं की बळी पडणारं रोपही ठणठणीत दिसतं. त्यात आपला एप्रिल! पारा चाळिशीला, बीजाणू फवारले तरी पान वाळतं आणि सगळा वाफा 'प्रतिकारक' ठरतो. झाकणाच्या डबीत ओला टिपकागद, त्यावर तोडलेली पानं, खोली २५ अंशांच्या आसपास. दोन-तीन दिवसांनी ठिपके बघा. शेजारी हमखास बळी पडणाऱ्या मिनिओला वाणाचं पान हवंच. त्यावर ठिपके नाहीत? मग त्या दिवसाचे आकडे वहीत लिहूच नका.

मग गुणोत्तर. हा प्रतिकार तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती असतील तरच रोप प्रतिकारक. क्लेमेंटाइनमध्ये त्याच्या दोन्ही प्रती आहेत. ज्या वाणात एकच आहे त्याच्याशी संकर केला तर निम्मी रोपं प्रतिकारक निघावीत. पाचांत चार निघाली तर आनंदी होऊ नका, पानं पुन्हा बघा.

संकराच्या पहिल्याच पिढीत ही फाटाफूट दिसते, कारण आईबाप शुद्ध नसतात, त्यांच्या बऱ्याच जनुकांच्या दोन प्रती वेगवेगळ्या असतात. एफ२ची (दुसऱ्या पिढीची) वाट बघत वर्षं घालवू नका, आणि जॉइनमॅप या नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ२ निवडूही नका, 'सीपी' (अशाच मिश्र आईबापांच्या पहिल्या पिढीसाठीचा पर्याय) निवडा. मार्कर हजारो असले तरी रोपं साठच असतील तर ते एकाच जागी ढीग होऊन बसतात. पैसे रोपांवर घाला.

डिंक्याचं, म्हणजे मुळं-बुंधा कुजवणाऱ्या रोगाचं, मात्र वेगळं. तो करणारी फायटोप्थोरा खरी बुरशी नव्हेच. तासगावकरांच्या द्राक्षांवरच्या केवड्याची ती जवळची नातलग. इथं एका जनुकाचा हिशेब सहसा बसत नाही. म्हणून 'प्रतिकारक' आणि 'बळी' असे दोन रकाने आखू नका. मुळं धुवा, कुजलेला भाग मोजा आणि आकडा लिहा.