पाळी जाण्याच्या वयात अंगाला अचानक खाज सुटली, तर आधी काय थांबवायचं

मिरजेत गेली २६ वर्षं मी ब्लाउज शिवते. मापं घेताना बाईची पाठ, काख, कंबर जितक्या जवळून मला दिसते, तितकी तिच्या घरच्यांनाही दिसत नसेल. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका टेप अंगाला लागला की हळूच सांगतात, "वहिनी, मुंढ्यात अर्धा इंच ढिला ठेवा, फार चुरचुरतं. गेल्या वर्षी याच मापाचा ब्लाउज चालत होता हो." एकदम असं का व्हायला लागलं, हे त्यांना कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. म्हणून आधी माझी चूक सांगते.

दिवाळीच्या कामाची घाई होती, माझं वय ४८. पाळी कधी वीस दिवसांत यायची, कधी दोन-दोन महिने नाही. एका रात्री परकराच्या नेफ्याखाली खाज सुटली ती थांबेना. आठवड्याभरात नडग्या, दंड, पाठ. हनुवटीवर कॉलेजात यायच्या तशा पुटकुळ्या. दिवा मालवला की पोटऱ्यांवर मुंग्या चालल्यासारखं वाटायचं, उठून बघावं तर काही नाही. मला वाटलं नव्या कापडाची खळ बाधली. औषधाच्या दुकानातून खाजेची एक ट्यूब आणली, कमरेला लावली. फरक पडला म्हणून हनुवटीलाही लावली. तीन दिवस फार बरे गेले. दीड महिन्यानं हनुवटी लालभडक झाली, गालांवर बारीक शिरा दिसायला लागल्या आणि कमरेची कातडी कटिंगच्या बटर पेपरसारखी पातळ झाली. ट्यूब बंद करावी तर दुप्पट आग.

त्या ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र होतं. म्हणून पहिली गोष्ट हीच: हातात आलेल्या ट्यूबची मागची बाजू वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं काहीही असलं तर ते स्टिरॉइड आहे. २०१८ साली सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं केलं, तरी ती घराघरात सापडतात. स्टिरॉइड वाईट नाही. डॉक्टर देतात तेव्हा ते किती दिवस, कुठे, किती हे ठरवून देतात. आपण मात्र संपेपर्यंत लावत राहतो. महिनोन्महिने लावत असाल तर आज एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता हे होतं कशानं, ते समजून घ्या. अंगातलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, कमी झालं की कातडीतलं तेल कमी होतं, ओलावा धरून ठेवायची ताकद जाते आणि कातडी पातळ पडते. तिला घट्टपणा देणारं कोलॅजन पाळी थांबल्यावर पहिल्या ५ वर्षांत जवळजवळ ३० टक्के कमी होतं. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पण कातडी त्याच्या दोन-चार वर्षं आधीच कुरकुर करायला लागते. म्हणून तर "माझी पाळी अजून चालू आहे, मग हे ते नसणार" असं म्हणून बायका फसतात. वर्षानुवर्षं चाललेला साबण, केसांचा रंग, कपाळाची टिकली, यांतलं काहीही या कातडीला अचानक झोंबू शकतं.

त्यामुळे माझं सांगणं असं की काही नवीन लावायच्या आधी, डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि वर सांगितलेली स्टिरॉइडची ट्यूब सोडून, तीन आठवडे जुनं सगळं थांबवा. खरंच सगळं. सुगंधी साबण, उटणं, टाल्कम पावडर, डिओ, फेशियल, ब्लीच, घरचे लेपसुद्धा. आमच्या सांगलीची हळद जगात नाव कमावलेली आहे, माझ्याही स्वयंपाकघरात तीच असते. पण भेगाळलेल्या कातडीवर हळद-लिंबू लावलं की आग होते आणि डाग काळे पडतात. खायचा सोडा तर नकोच. निरोगी कातडी किंचित आंबट असते, पीएच ५ च्या आसपास (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट). नेहमीच्या साबणाचा पीएच ९-१० असतो, आणि सोडाही कातडीला त्याच दिशेला ओढतो.

अंघोळ कोमट पाण्यानं, दहा मिनिटांत. कढत पाणी खाजेवर ओतलं की क्षणभर फार बरं वाटतं, हे मला ठाऊक आहे, पण रात्री त्याची भरपाई करावी लागते. साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यालाच. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. वज्री आणि काथ्या खुंटीवरच राहू द्या. साबण घ्यायचाच तर बिनवासाचा, ज्यावर पीएच ५.५ लिहिलेलं असतं तो.

अंघोळीनंतरची तीन-चार मिनिटं सगळ्यात मोलाची, आणि इथेच बहुतेक जणी चुकतात. अंग खसाखसा पुसून, कपडे घालून, स्वयंपाक उरकून मग क्रीम आठवतं. तोवर ओलावा उडालेला असतो. मी न्हाणीघरातच डबा ठेवते. टॉवेलनं अंग नुसतं टिपायचं, ओलसर असतानाच लावायचं. लोशन नको, घट्ट क्रीम हवं. त्यात ग्लिसरीन, सेरामाइड किंवा लिक्विड पॅराफिन असावं, वास नसावा. महाग लागत नाही. टाचांना आणि कोपरांना वरून पेट्रोलियम जेलीचा हात. हातापायांना खोबरेल चालतं, पण हनुवटीवर पुटकुळ्या असतील तर चेहऱ्याला तेल लावू नका, छिद्रं बुजतात. किती लावायचं? बोटाच्या शेवटच्या पेराएवढं क्रीम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. त्यानं पाय मोजून बघा, आपण किती कंजूषपणे लावत होतो ते कळेल. दिवसातून दोनदा.

कपड्यांचं मात्र मी अधिकारानं सांगते. नवं कापड, अस्तरसुद्धा, शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजत टाका आणि दोनदा धुवा. खळ आणि कच्चा रंग त्यातच निघून जातो. चकचकीत अस्तर या वयात टाळा. आतून सुती कॅम्ब्रिक लावून घ्या आणि शिलाई आत टोचू नये म्हणून शिलाईच्या कडा वळवून द्यायला शिंप्याला सांगा. कपडे धुताना साबण एकदा जास्त खळबळून काढा.

आणि परकराची नाडी. तीस वर्षं त्याच रेषेवर, रोज दहा-बारा तास आवळलेली. तिच्याखाली घाम साचतो, कातडी काळी आणि जाड होते, सोलवटते. मी आता बायकांना नाडीच्या जागी दोन इंची सपाट पट्टा आणि बाजूला हूक लावून देते, दोन काज्यांवर कमीजास्त करता येतो. नाडीच हवी असेल तर गाठ रोज वेगळ्या बाजूला मारा आणि घरी आल्यावर गाऊन घालून कंबर मोकळी सोडा. तिथे गोल चट्टा उठला, त्याची कड उंच आणि खवल्यांची असली, तर तो नायटा असतो. त्यावर क्रीम चोळून भागत नाही आणि स्टिरॉइड लावलं तर तो दबून पसरतो. आणि तिथली जखम महिनोन्महिने भरत नसेल तर दाखवाच. नाडीच्या रेषेवरच्या जुन्या जखमेतून क्वचित कर्करोगही होतो.

रात्री घामानं उठायला होत असेल तर उशाशी सुती पंचा ओला करून ठेवा. खाज आली की तो ठेवायचा, नखं लावायची नाहीत. नखं कापलेलीच हवीत.

चेहऱ्याचं वेगळं आहे. हनुवटीच्या पुटकुळ्यांना तरुण मुलींची सुकवणारी फेसवॉश लावू नका, आधीच कोरडी असलेली कातडी फुटते. अझेलेइक ॲसिड किंवा अॅडापलीन ही पुटकुळ्यांची मलमं डॉक्टरांना विचारून घ्या, रात्री वाटाण्याएवढं, आधी एक दिवस आड. गाल सारखे तापतात, गरम चहा घेतला की, उन्हात गेलं की, तिखट खाल्लं की लाल होतात, अशा वेळी ते मुरूम नसून रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल करणारा कातडीचा आजार, असू शकतो. आपल्या सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, फक्त आग जाणवते, म्हणून तो ओळखायला उशीर होतो. वांगासाठी सनस्क्रीन घरातसुद्धा, चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून. रंगाची छटा असलेलं मिळालं तर जास्त चांगलं, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं. हनुवटीवर चार राठ केस येणं या वयात नेहमीचं, खुशाल काढा, काढल्यानं ते दाट होत नाहीत. पण थोड्या महिन्यांत भराभर केस वाढले आणि आवाजही जाड झाला तर तपासणी हवी.

टिकलीखाली खाजतं का, किंवा पांढरं पडतंय का, हे आरशात एकदा बघा. चिकट टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं तिथला रंग कायमचा जाऊ शकतो. केस रंगवल्यावर कानामागे, मानेला पुरळ आलं तर पुन्हा तो रंग लावू नका, "थोडासाच" म्हणूनही नको.

ज्याबद्दल बायका कापड बघण्याचं निमित्त करून पडद्याआड येऊन सांगतात ते हे: खालच्या जागी कोरडं पडणं, खाज, आग. ते लाजेचं नाही आणि अस्वच्छतेचंही नाही. सुगंधी वॉशनं धुऊ नका, साधं पाणी पुरे. स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, त्यानं खूप जणींना आराम पडतो. तिथे पांढरट चकाकणारा डाग दिसला तर मात्र दाखवल्याशिवाय राहू नका. आणि बारा महिने पाळी नसताना पुन्हा रक्त दिसलं, एक थेंबही, तर त्याच आठवड्यात जा.

प्रत्येक खाज पाळीची नसते. अंगावर गांधी उठून ओठ सुजले, श्वास लागला तर तडक दवाखाना. एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर नागीण, पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं तर उत्तम. बोटांच्या बेचक्यांत खाज आणि घरातले सगळेच खाजवतायत, तर खरूज. एकाच स्तनाग्रावर खवले, ओल किंवा ब्लाउजच्या अस्तरावर एकाच बाजूला डाग, तर मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ब्लाउजवर असा डाग मी एकदा पाहिला आणि त्या काकूंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या.

पुरळ नसताना सहा आठवडे खाज राहिली तर रक्त तपासून घ्या. मी गिऱ्हाइकांना बिलाच्या मागे लिहूनच देते. डॉक्टरांनी काहीही न बघता "वय झालं" म्हटलं तर हा कागद पुढे करा:

"सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), साखर, यकृत, मूत्रपिंड. खाज कधीपासून. शेवटची पाळी कधी. गोळ्या कोणत्या चालू आहेत. लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून सोबत न्या, संपलेल्यासुद्धा."