टिग शिकताना मी दोन महिने उगाचच हाताला शिव्या दिल्या

टिग वेल्डिंग शिकताना पहिले दोन महिने माझं एकच रडगाणं चालू होतं, माझा हातच थरथरतो, मला हे जमायचं नाही. बीड (वेल्डची रेघ) काळी पडली की हात, टंगस्टन चिकटलं की हात, भोकं पडली तरी हातच. नंतर एकेक भानगड सापडत गेली आणि कळलं की बिचाऱ्या हाताचा नंबर खूप खाली होता, आधी चार-पाच दुसरीच कारणं रांगेत उभी होती. तुम्ही आत्ता घरच्या गॅरेजमधे टिग शिकायला बसला असाल तर ती रांग तुमच्याकडे पण असणारच, म्हणून लिहितेय.

ज्यांनी आधी फक्त मिग किंवा साधं आर्क वेल्डिंग केलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. एका हातात टॉर्च, टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई, ती वितळून जॉबमधे (जोडायच्या तुकड्यात) जात नाही, नुसता आर्क म्हणजे विजेचा झोत देते (टंगस्टन वितळायला ३४०० डिग्रीच्या वर तापमान लागतं), भोवती आरगॉनचं पांघरूण, दुसऱ्या हातात जोडात भर घालायची फिलर रॉड आणि पायाखाली करंट कमीजास्त करायचं पेडल. मिगमधे ट्रिगर दाबला की तार आपली आपण येते, इथं सगळं आपल्यालाच करायचंय, दोन हात आणि एक पाय तीन वेगवेगळी कामं करतायत. सिलेंडर मात्र शुद्ध आरगॉनचाच हवा, मिगचा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस लावलात तर टंगस्टन बघता बघता जळून जाईल. आणि सिलेंडर भिंतीला साखळीने बांधा, नुसता कोपऱ्यात उभा करून ठेवू नका.

आता पहिली भानगड, जिच्यात माझे तीन आठवडे गेले. गॅरेजमधे उकडत होतं म्हणून मी टेबल फॅन खाली जमिनीवर ठेवला होता, वारा पायांवर येतोय, वर वेल्डला कुठे लागतोय, असा माझा हिशोब. बीड यायची राखाडी-काळी, वर टाचणी टोचल्यासारखी बारीक भोकं. मला वाटलं गॅस कमी पडतोय म्हणून मिनिटाला ८ लीटर होता तो १२ केला, मग १५, मग २०, आणि प्रकरण अजूनच बिघडलं. कारण गॅस फार जोरात सोडला की तो नोझलमधून सरळ येत नाही, भोवरे होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. एक दिवस फॅनचा प्लग ग्राइंडरसाठी काढला, परत लावायला विसरले, आणि त्या दिवशी अचानक बीड चकचकीत आली! मी आधी दोन मिनिटं खूश, म्हटलं आला एकदाचा हात. मग लक्ष खाली बंद फॅनकडे गेलं.

पण म्हणून सगळी दारं लावून पण बसू नका हं. आरगॉन हवेपेक्षा जड असतो, बंद जागेत खाली साठत जातो आणि ऑक्सिजनची जागा घेतो, वास नाही रंग नाही म्हणून कळत सुद्धा नाही. हवा खेळती पाहिजे, फक्त तिचा झोत थेट जॉबवर नको. मी शटर अर्धं उघडं ठेवते आणि वाऱ्याच्या बाजूला एक पत्र्याचा आडोसा लावते. साधारण १०० अँपिअरच्या आसपासच्या कामाला ७ ते १० लीटर गॅस पुरतो.

दुसरी भानगड स्वच्छता. एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं लोखंड) नव्या पट्टीवर जो काळपट निळसर थर असतो ना, तो मला लोखंडाचाच रंग वाटायचा. साध्या रॉडच्या वेल्डिंगला तो चालून जातो, टिगला अजिबात नाही. ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर तरी, मग ॲसिटोनने पुसायचं. फिलर रॉड पण पुसायची, ती पुसल्यावर फडक्यावर जी काळी रेघ उमटते ती बघितली की परत कधी न पुसता वापरणार नाही. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क मारू नका आणि बाटली लांब ठेवा. आणि हे नीट वाचा: गाडीचा ब्रेक क्लीनर वापरून जॉब कधीच साफ करायचा नाही. त्यातल्या काहींमधे क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, आर्कच्या उष्णतेने आणि अल्ट्राव्हायोलेटने त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे, गंमत नाही. तसंच गॅल्व्हनाइज्ड पत्रा शिकायला घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

मग टंगस्टन. याचं मी सगळ्यात जास्त खाल्लं... म्हणजे टंगस्टनने माझं डोकं खाल्लं. सुरुवातीला टोक वितळलेल्या धातूत बुडणारच, सगळ्यांचं बुडतं, आणि बुडलं की मी तसंच पुढे रेटायचे, कारण परत उठा, टॉर्च उघडा, ग्राइंडरवर जा, कंटाळा. पण एकदा टोकाला लोखंडाचा गोळा चिकटला की आर्क फाटतो, एका बाजूला पळतो, आणि आपल्याला वाटतं हात हलला. आता मी बसायच्या आधीच आठ-दहा टंगस्टन टोक करून डबीत ठेवते, बुडलं की बदलायचं, बास. टोक करताना टंगस्टन व्हीलवर उभं धरायचं म्हणजे घासल्याच्या रेघा टोकाच्या दिशेने लांबीत यायला पाहिजेत, आडव्या रेघा आल्या तर आर्क भटकतो. टोकाची लांबी टंगस्टनच्या जाडीच्या दोन-अडीच पट, म्हणजे १.६ मिमीच्या टंगस्टनला ३-४ मिमी, साधारण पेन्सिलीसारखं. त्यासाठी व्हील वेगळं ठेवा, ज्यावर लोखंड घासलंय त्यावर टंगस्टन नाही. लाल पट्टीवालं घेऊ नका, त्यात थोरियम असतं, ते थोडं रेडिओॲक्टिव्ह आहे आणि घासताना धूळ नाकात जाते. निळ्या पट्टीचं लँथनेटेड घ्या, ते स्टीलला पण चालतं आणि ॲल्युमिनियमला पण. मास्क तरीही लावाच.

चौथी भानगड सांगायला थोडी लाज वाटते. सगळं स्वच्छ, गॅस ठीक, टोक धारदार, तरी आर्कची लांबी काही सांभाळता येईना. आर्क साधारण टंगस्टनच्या जाडीएवढाच ठेवायचा असतो, दीड-दोन मिमी, आणि मी चार-पाच मिमी लांब धरून बसायचे, त्यामुळे वितळलेल्या धातूचं तळं पसरट व्हायचं, पट्टी लाल व्हायची आणि जोड काही धरायचा नाही. जवळ न्यायला गेलं की खपकन बुडायचं. शेवटी कळलं की मला चाळिशी लागलीय आणि मला पत्ताच नाही! हेल्मेटच्या आत बसणारी भिंगाची पट्टी मिळते, ती लावली आणि पहिल्यांदा वितळलेल्या धातूची कड दिसली, अक्षरशः पाण्याच्या थेंबासारखी गोल, चमकणारी, आणि तिच्यात टंगस्टनचं प्रतिबिंब. इतके दिवस मी नुसत्या उजेडाकडे बघत होते. बघायचं त्या तळ्याकडे असतं, आर्ककडे नाही.

एवढं सगळं झाल्यावर मग हात, तो पण आहेच की. पहिले काही दिवस फिलर हातात घेऊच नका. २-३ मिमीची साफ पट्टी, डीसी, टॉर्च मायनसला, करंट एका मिमीला साधारण ४० अँपिअर या हिशोबाने, टॉर्च उभ्यापासून १५-२० अंश मागे कललेली, आणि नुसतं तळं तयार करून सरळ रेघेत न्यायचं. तळ्याची रुंदी सगळीकडे सारखी आली पाहिजे एवढंच बघायचं. मग दोन पट्ट्यांचा बाहेरचा कोपरा, तो फिलरशिवायच जोडता येतो आणि पहिल्यांदा काहीतरी जोडल्याचं समाधान मिळतं. मग फिलर, तो आर्कमधे नाही तर तळ्याच्या पुढच्या कडेला टेकवायचा आणि मागे घ्यायचा, पण इतका मागे नाही की त्याचं तापलेलं टोक गॅसच्या बाहेर जाईल. फिलर बोटांनी पुढे सरकवायची सवय टीव्ही बघता बघता करा, मी करायचे, घरचे हसायचे. मनगट कशावर तरी टेकलेलं पाहिजे, आणि आर्क मारायच्या आधी पूर्ण लांबीभर हात एकदा कोरडाच फिरवून बघा, अर्ध्यात कोपर टेबलाच्या कडेला अडकतं ते तेव्हाच कळतं. शेवट करताना पेडल हळूहळू सोडा, झटकन सोडलं तर खड्डा राहतो आणि तिथून चीर जाते. आणि टॉर्च लगेच उचलू नका, १० अँपिअरला एक सेकंद या मानाने नंतरचा गॅस चालू ठेवायचा असतो, तोवर तिथेच.

हेल्मेट आपोआप काळं होणारं घेतलंत तर कमी करंटच्या टिगला चालतं का ते बघून घ्या, शेड (काचेचा काळेपणा) ९ ते ११. एकदा पाइपच्या आड सेन्सर झाकला गेला आणि काच दोन-तीनदा मधेच परत पारदर्शक झाली, तेव्हा काही वाटलं नाही, रात्री मात्र डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं. गळ्याचं बटण पण लावा, टिगमधे ठिणग्या नसतात म्हणून आपण निर्धास्त होतो आणि गळ्याशी त्रिकोणी भाजतं.

स्टेनलेस एमएसनंतर घ्या, त्यात रंगच सांगतो काय चुकलं, सोनेरी आला तर छान, निळा पण चालेल, राखाडी म्हणजे जास्त तापवलं. आरपार वितळत असेल तर मागच्या बाजूला पण आरगॉन द्यावा लागतो, नाहीतर तिथे जळक्या साखरेसारखं खरखरीत होतं.

ॲल्युमिनियमला मी आत्ता कुठे हात घातलाय. त्याला एसी करंट लागतो, कारण धातू वितळतो ६६० डिग्रीला आणि वरचा ऑक्साइडचा थर २००० च्या पुढे, तो आधी फोडावा लागतो. शिवाय ते तापून लाल होत नाही, काही इशारा देत नाही, मळकट मळकट दिसतं आणि मग एकदम आरशासारखं चमकतं. त्या क्षणी रॉड द्यायची. मी पहिल्यांदा ती चमक बघत बसले, आणि मधला भाग धपकन खाली, थेट बुटावर. बूट चामड्याचे होते म्हणून वाचले, तुम्ही पण तेच घाला, आणि पँट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचू नका.