टाके काढल्यावरही जखमेवर लक्ष ठेवा

सीझर, हर्निया, अपेंडिक्स, कुठलंही ऑपरेशन असो, जखमेतला संसर्ग बहुतेकदा घरी आल्यावरच उघड होतो. साधारण ३० दिवस सावध राहायचं. गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर काही महिन्यांनीही तो होऊ शकतो.

पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, थोडा लालसरपणा असतोच. खरी खूण म्हणजे कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. सोबत जखमेभोवती गरम लागणं, पू किंवा दुर्गंधी येणं, टाके उसवणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. लाली पसरतेय का हे कळत नसेल, तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहा आणि रोज फोटो काढा. रेघ ओलांडली की थांबू नका. थंडी वाजून हुडहुडी भरली, धाप लागली किंवा माणूस बरळू लागला तर थेट इमर्जन्सीत न्या.

हळद, तेल, राख जखमेवर नकोच, घरातल्या मोठ्यांनी कितीही मायेने सुचवलं तरी. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही मनाने घेऊ नका; त्यामुळे पुवाच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. मधुमेह असेल तर साखर रोज तपासा.