गिम्लेट लिंबापाशीच बिघडतं: या चुका टाळा

गिम्लेट या कॉकटेलमध्ये असतं काय? जिन आणि लिंबाचं कॉर्डिअल (साखर घालून टिकवलेला लिंबाचा रस), बस्स. एवढ्या दोन जिनसांचं पेय बिघडेल कसं, असं वाटतं. पण मी आजवर जिथे जिथे ते प्यायलो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी ते एक तर लिंबू सरबतासारखं लागलं, नाही तर कडू. दोष जिनचा क्वचितच होता. तो लिंबाचा होता.

ताजं लिंबू पिळून मोकळं होणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल. गिम्लेट मुळात ताज्या लिंबाचं पेय नाहीच, ते मुरलेल्या लिंबाचं आहे. 1867 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून व्यापारी जहाजांवर खलाशांना लिंबाचा रस देणं सक्तीचं केलं, स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, होऊ नये म्हणून. तोवर रस टिकावा यासाठी त्यात दारू मिसळत. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या लीथ बंदरातल्या लॉकलन रोजने दारूशिवाय रस टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि साखर घातलेलं त्याचं लाइम कॉर्डिअल जहाजांवर पोचलं. अधिकाऱ्यांकडे जिन होतीच. थॉमस गिम्लेट नावाच्या नौदलातल्या डॉक्टरने दोन्ही एकत्र केलं असं सांगतात. दुसरं म्हणणं असं, की नाव पडलं ते सुताराच्या हत्यारावरून. गिम्लेट म्हणजे आपलं गिरमिट. मराठीत तो शब्द आला तोही तिथूनच. मला हे दुसरं जास्त पटतं, कारण नीट जमलेला पहिला घोट खरंच गिरमिटासारखा आत शिरतो.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या हॅरी क्रॅडॉक या बारटेंडरने 1930 साली छापलेली कृती अर्धी जिन, अर्धं कॉर्डिअल अशी आहे. आज ती फार गोड लागते. माझं प्रमाण 60 मिली जिन, म्हणजे एक लार्ज, आणि 25 मिली कॉर्डिअल. कॉर्डिअल नसेलच तर 60 मिली जिन, 20 मिली ताजा रस आणि 20 मिली साखरेचा पाक (साखर-पाणी समसमान). हेही छान लागतं, पण सालीचा तो खोल वास त्यात येत नाही. अशा वेळी लिंबाची एक फोड सालीसकट शेकरमध्ये (कॉकटेल हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) टाका, बराच फरक पडतो. आणि मापाने घ्या. अंदाजाने ओतलेलं गिम्लेट दोनदा सारखं होत नाही.

दोन लिंबांची गल्लत

परदेशी कृतीत लाइम आणि लेमन असे दोन शब्द येतात, आणि आपण दोन्हीला लिंबूच म्हणतो. लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबू. लेमन म्हणजे जाड सालीचं, मोठं, पिवळं फळ. गिम्लेटमध्ये ते चालत नाही, धार जाते. ही गल्लत खुद्द ब्रिटिश नौदलानेही केली होती. लेमनचा रस सोडून त्यांनी वेस्ट इंडीजच्या लाइमचा रस घेतला. त्यात क जीवनसत्त्व बरंच कमी, आणि 1875 च्या आर्क्टिक मोहिमेत खलाशांना पुन्हा स्कर्व्हीने गाठलं. म्हणजे औषधाला लेमन चांगलं, पण या पेयाला कागदीच हवं. सुदैवाने आपल्या भाजीवाल्याकडे तेच मिळतं.

कॉर्डिअल उकळणं

मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा रस, साखर, साली सगळं एका पातेल्यात घालून उकळी आणली. रसाला शिजका वास आला आणि कडूपणा असा उतरला की अख्खी बाटली ओतून द्यावी लागली. आता गॅस पेटवतच नाही. पंधरा हिरवी कागदी लिंबं धुऊन पुसून घ्यायची. त्यातल्या आठांची फक्त हिरवी साल किसणीच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने किसायची. कागदीची साल पातळ असते, दोनदा फिरवलं की खालचा पांढरा भाग लागतो, आणि कडूपणाचं मूळ तेच. हा कीस 200 ग्रॅम साखरेत बोटांनी चोळायचा. साखर ओलसर, फिकट हिरवी होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. रात्रभर झाकून मुरू द्या. सकाळी 250 मिली ताजा रस आणि अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड घालून साखर विरघळेपर्यंत ढवळा, गाळा. रस काढताना लिंबू चेंगरून शेवटचा थेंब काढायच्या मागे लागू नका, आणि ॲल्युमिनियमचं भांडं नको.

जिन आणि बर्फ

जिन ज्यूनिपरचा (जिनला तिचा खास वास देणाऱ्या फळाचा) वास ठळक असलेली, लंडन ड्राय प्रकारची घ्या. गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन नावाची जिन इथे छान बसते. फळांच्या चवीच्या, रंगीत जिन यात वाया जातात.

बर्फाकडे मात्र कुणी बघत नाही. फ्रीजरमध्ये मासळी किंवा सोललेला लसूण असेल तर बर्फाला तो वास लागलेला असतो, आणि दोन जिनसांच्या पेयात तो लगेच कळतो. झाकणाचा ट्रे वापरा. बर्फ बाहेर काढून ठेवला की पाणी सुटतं आणि पेय पांचट होतं, तेव्हा ऐनवेळी काढा. शेकर भरून बर्फ घाला, दहा-बारा सेकंद जोरात हलवा. बाहेरून दव धरलं, हाताला चटका बसेल इतकं गार झालं, की थांबा. शेकर नसेल तर फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आणि चहाची गाळणी पुरते. ग्लास आधीच फ्रीजरमध्ये ठेवा.

कॉर्डिअल काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगलं राहतं. हळूहळू ते पिवळसर, मग तपकिरीकडे झुकतं. ते खराब झालेलं नसतं, त्यात हिरवा रंग घालू नका. बुडबुडे दिसले किंवा आंबल्याचा वास आला, तर मात्र टाकून द्या.