छोट्या टाकीतले लेदर कोरल मिटले तर काय तपासावे

साठ लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कालपर्यंत छत्रीसारखे पसरलेले लेदर कोरल (चामड्यासारख्या अंगाचे मऊ प्रवाळ) सकाळी आक्रसलेले आणि सगळे पॉलिप, म्हणजे अंगावरची बारीक फुलासारखी तोंडे, आत ओढून बसलेले दिसले, की दुकानातून एखादे औषध आणून पाण्यात ओतावेसे वाटते. तो मोह आवरावा. मोजमाप न करता ओतलेले औषध मूळ बिघाड झाकते, आणि पाणी मुळातच थोडे असल्याने नवा बिघाडही लवकर घडवते. (पाषाणी प्रवाळांच्या, म्हणजे कठीण सांगाडा असलेल्या कोरलच्या, सर्व जाती भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून येथे मऊ कोरलचाच विचार केला आहे.)

आधी कोरल नीट न्याहाळावे. अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा असेल, देठ घट्ट असेल आणि वास येत नसेल, तर ते कात टाकत आहे. ही त्याची नेहमीची क्रिया असून तिला काही दिवस, कधी आठवड्याहून अधिक काळही लागतो. पापुद्रा खरवडू नये. वेव्हमेकरचा, म्हणजे टाकीत लाटा निर्माण करणाऱ्या पंपाचा, प्रवाह थोडा वाढवून, पण थेट अंगावर न सोडता, तो आपोआप सुटू द्यावा. याउलट एखादा भाग काळपट, लिबलिबीत आणि दुर्गंधीयुक्त झाला असेल तर ती कुज आहे. अशा वेळी कोरल टाकीच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात घेऊन, धारदार पात्याने निरोगी भागापर्यंत कापून कुजलेला तुकडा टाकून द्यावा. लेदर कोरलची अशी जखम बहुधा भरून येते.

यांपैकी काहीच नसेल तर पाणी तपासावे, आणि सुरुवात खारेपणापासून करावी, कारण छोट्या टाकीत बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. पाणी उडते, मीठ मागे राहते. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात टाकी थंड ठेवण्यासाठी लावलेला पंखा रोज लिटरभर पाणी उडवू शकतो. साठ लिटरमधले तीन लिटर गेले, की हजारात ३५ भाग असलेला खारेपणा जवळपास ३७ वर पोहोचतो. खारेपणा मोजण्यासाठी काट्याच्या हायड्रोमीटरवर विसंबू नये. पाण्याच्या थेंबातून वाकणाऱ्या प्रकाशावरून खारेपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरावा आणि तोही ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने आधी जुळवून घ्यावा, कारण चुकीचे उपकरण महिनोन्‌महिने खोटा दिलासा देत राहते. उडालेल्या पाण्याची भर खाऱ्या पाण्याने नव्हे, तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्याच्या जवळ असलेल्या आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेल्या, पाण्याने रोज थोडी थोडी घालावी. आधीच वाढलेला खारेपणा दोन-तीन दिवसांत सावकाश उतरवावा.

तापमान २५ ते २६ अंशांच्या आसपास असावे. दुपारी ते ३० कडे सरकत असेल, तर पेशींतले सहजीवी शैवाल बाहेर पडून कोरल फिके पडू लागते. नवा, जास्त प्रखर दिवा लावल्यावरही तसेच होते, तेव्हा प्रकाश कमी करून आठवड्या-आठवड्याने वाढवावा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्लता रोखून धरण्याची क्षमता, ८ ते ९ डीकेएच (तिचे मोजमापाचे एकक) ठेवावी आणि ती एका दिवसात एकापेक्षा जास्त बदलू देऊ नये. नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावर आणण्याचा अट्टहास मला घातक वाटतो, कारण मऊ कोरलला दोन्ही थोडे लागतात.

शेजारीही पाहावेत. लेदर कोरल पाण्यात रासायनिक द्रव्ये सोडते, त्यामुळे जवळचे झोअँथिड (बटणासारखे छोटे मऊ कोरल) मिटले असल्यास त्यांच्यात अंतर वाढवावे आणि ही द्रव्ये शोषून घेणारा ताजा सक्रिय कोळसा घालावा. झोअँथिड हाताळताना मात्र हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने धुऊ नये. त्या वाफेने घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते.

दोष सापडल्यावर एका वेळी एकच दुरुस्ती करावी, तारखेसह आकडे वहीत लिहावेत आणि पुढचा बदल करण्यापूर्वी निदान चार दिवस थांबावे.